पडद्यावर आपले गाव

मित्रांनो, गोष्ट पाहायला कोणाला आवडत नाही? पूर्वी गोष्ट पाहायची तर नाट्यगृहात किंवा तंबूत जावे लागे. पुढे रेडिओवर श्रुतिका आल्या. त्यानंतर दूरचित्रवाणीवर मालिका आल्या. आता तर मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर जगातील कोणत्याही देशातील मालिका दिसते. कोरियात तयार झालेली मालिका नांदेडच्या इतवाऱ्यात पाहता येते आणि तुर्कस्तानात तयार झालेली मालिका लातूरच्या गंजगोलाईत. ही नवलाची गोष्ट आहे आणि आनंदाचीही आहे. पण या गर्दीत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. नांदेडची आणि लातूरची माणसे या पडद्यावर कुठे आहेत? आपल्या भागात घडणारी आणि आपल्या बोलीत बोलणारी मालिका तुम्ही कधी पाहिली आहे काय? या पाठात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत.

प्रथम थोडा इतिहास पाहू. भारतात दूरचित्रवाणीचा प्रारंभ १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत झाला. मुंबईचे दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या केंद्राने मराठी घरांना अनेक चांगले कार्यक्रम दिले. चिं. वि. जोशी यांच्या विनोदी कथांवरील ‘चिमणराव’ ही मालिका त्यांपैकीच एक. दिलीप प्रभावळकर त्यात चिमणराव झाले होते आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. पण त्या काळी हे चित्र मुख्यतः मुंबई-पुण्याच्या परिसरात दिसे. मराठवाड्यातील माणसांना चिमणरावाचे नाव वर्तमानपत्रात वाचूनच समाधान मानावे लागे.

१९८२ साली भारतात रंगीत दूरचित्रवाणी आली. त्यानंतरच्या काही वर्षांत देशभर छोटी छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. १९८४ साली ‘हम लोग’ आणि १९८६ साली ‘बुनियाद’ या मालिका आल्या. १९८८ साली गुलजार यांची ‘मिर्झा गालिब’ ही मालिका आली. गालिबची शायरी तुम्ही उर्दूच्या तासाला वाचता. त्या मालिकेमुळे ती ज्यांना उर्दू लिपी वाचता येत नव्हती, अशा लाखो घरांतही पोहोचली. एक चांगली मालिका एवढे मोठे काम करू शकते.

पुढे १९९४ साली दूरदर्शनची स्वतंत्र मराठी वाहिनी सुरू झाली. तिलाच आपण आज ‘सह्याद्री’ म्हणतो. १९९९ साली अल्फा मराठी, म्हणजे आजची झी मराठी आली. २००० साली ई टीव्ही मराठी आली. तिचे नाव आता कलर्स मराठी असे आहे. २००८ साली स्टार प्रवाह आली. अशा रीतीने मराठी मालिकांची संख्या वाढत गेली.

आता आजच्या काळाकडे वळू. २०१६ हे वर्ष लक्षात ठेवा. या वर्षाच्या आरंभी नेटफ्लिक्स ही परदेशी सेवा भारतात आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जिओ सुरू झाले आणि मोबाइलवरील इंटरनेट एकदम स्वस्त झाले. तेव्हापासून ‘स्ट्रीमिंग’ हा शब्द आपल्याकडे रुळला. स्ट्रीमिंग म्हणजे काय? एक साधे उदाहरण घेऊ. नळाला पाणी ठरावीक वेळी येते. त्या वेळी घागर लावली नाही, तर पाणी चुकते. दूरचित्रवाणीवरील मालिका या नळाच्या पाण्यासारखी असते. रात्री आठची मालिका आठलाच पाहावी लागते. स्ट्रीमिंग मात्र अंगणातील विहिरीसारखे आहे. हवे तेव्हा पोहरा सोडावा आणि हवे तेवढे पाणी काढावे. मालिका कंपनीच्या संगणकात साठवलेली असते. आपण बोट लावले की ती इंटरनेटवरून आपल्या मोबाइलवर येते.

सोय मोठी झाली, यात शंका नाही. पण मालिका तयार करायला पैसा लागतो. हा पैसा कोण देतो, हे समजून घेतले पाहिजे; कारण ज्याच्याकडून पैसा येतो, त्याच्या आवडीची गोष्ट आधी सांगितली जाते.

दूरचित्रवाणीवर हा पैसा मुख्यतः जाहिरातींतून येतो. जी मालिका जास्त लोक पाहतात, तिच्या मध्ये जाहिरात दाखवायला जास्त दर मिळतो. कोणती मालिका किती लोक पाहतात, हे मोजण्यासाठी देशातील निवडक घरांत एक यंत्र बसवलेले असते. ‘बार्क’ ही संस्था २०१५ पासून हे आकडे देते. कोट्यवधी घरांच्या आवडीचा अंदाज अशा काही हजार घरांवरून बांधला जातो. भातातील दोनचार शिते चाचपून भात शिजला की नाही, हे आपण ओळखतो. तसाच हा प्रकार. ही आवड सांभाळण्यासाठी लेखक आणि निर्माते त्याच त्या गोष्टी पुन्हा पुन्हा सांगू लागतात. घर तेच, भांडण तेच, आणि सासू-सुनाही त्याच!

स्ट्रीमिंगमध्ये हिशोब निराळा असतो. काही कंपन्या प्रेक्षकांकडून वर्गणी घेतात, काही जाहिराती दाखवतात. पण येथे प्रत्येक प्रेक्षक मोजला जातो. तुम्ही कोणती मालिका उघडली, किती मिनिटे पाहिली, कोठे बंद केली, ही सर्व नोंद संगणक ठेवतो. मग तो तुम्हांला तशाच आणखी मालिका सुचवतो. जी मालिका लोक उघडत नाहीत, ती मागे पडते. ती तेथे असूनही कोणाला दिसत नाही. एखाद्या मोठ्या बाजारात मागच्या गल्लीत छोटे दुकान असावे, तशी तिची गत होते. म्हणजेच, मित्रांनो, आज तुमच्या बोटाला मताचे मोल आले आहे. तुम्ही जे पाहता, तेच उद्या अधिक तयार होते.

मराठी मालिकांचे चित्रीकरण बहुतेक मुंबई आणि ठाण्याच्या परिसरात होते. स्टुडिओ तेथे आहेत, कलावंत तेथे राहतात, वाहिन्यांची कार्यालयेही तेथेच आहेत. तरीही मधल्या काळात एक चांगली गोष्ट घडली. २०१६ साली सुरू झालेल्या ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेने कोल्हापूरकडची भाषा घराघरांत नेली. २०१७ साली आलेल्या ‘लागिरं झालं जी’ या मालिकेत सातारा भागातील फौजी जवानांची गोष्ट होती. या मालिकांमुळे स्थानिक नटांना काम मिळाले. घरे भाड्याने गेली. सुतार, शिंपी, वाहनचालक, खाणावळवाले अशा अनेकांच्या हाताला काम मिळाले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, आपली बोली हसण्यासाठी नसते, तिच्यात प्रेम आणि दुःखही सांगता येते, हे लोकांना दिसले.

मराठवाड्याच्या वाट्याला मात्र हे फारसे आले नाही. २०२४ साली ‘मानवत मर्डर्स’ ही मराठी मालिका एका स्ट्रीमिंग सेवेवर आली. परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७०च्या दशकात घडलेल्या गुन्ह्यांवर ती आधारलेली होती. मराठवाडा पडद्यावर आला. पण तो गुन्ह्याच्या निमित्ताने आला. किंवा मग तो दुष्काळाच्या निमित्ताने येतो. दुष्काळ खरा आहे. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, हे खरे आहे. पण मराठवाड्यात तेवढेच आहे काय?

विचार करा. नांदेडला गोदावरीचे घाट आहेत आणि देशोदेशीचे भाविक ज्याच्या दर्शनाला येतात, तो सचखंड गुरुद्वारा आहे. कंधारला किल्ला आहे आणि हाजी सय्याह सरवर यांचा दर्गाही आहे. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या प्रत्येक रस्त्यावर एक निराळा व्यापार आणि निराळी माणसे आहेत. खेड्यांतून लातूरला शिकवणीसाठी येऊन भाड्याच्या खोलीत राहणारी हजारो मुले-मुली आहेत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला भूकंप झाला. त्यात सर्वस्व गमावलेल्या आणि पुन्हा उभ्या राहिलेल्या माणसांच्या कथा घराघरांत सांगितल्या जातात. या सर्वांतून किती मालिका निघतील!

आणि आपली बोली? पुस्तकातील मराठीत ‘काय करतो आहेस?’ असे लिहितात. आपल्याकडे कोणी ‘काय करायलास?’ असे विचारतो, तर उदगीरकडचा माणूस ‘काय करूलालास?’ असे म्हणतो. नांदेड आणि लातूरचा भाग १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्या संस्थानाची राजभाषा उर्दू होती. त्यामुळे येथील मराठी आणि येथील दखनी या दोघी शेजारणींसारख्या एकमेकींच्या घरी येत-जात राहिल्या. अर्ज, हजर, जमीन, मेहनत, फिर्याद हे शब्द उर्दूचे की मराठीचे, असा प्रश्न कोणी विचारला, तर तुम्ही काय उत्तर द्याल? ते दोघींचेही आहेत. ही बोली पडद्यावर ऐकू आली नाही, तर पुढच्या पिढीला ती अडाणीपणाची खूण वाटू लागेल. मुले ती बोलायला लाजतील. मग ती हळूहळू नाहीशी होईल.

हे टाळता येते काय? येते. यासाठी आपल्याच राज्यातील एका गावाची गोष्ट ऐका. हे गाव म्हणजे नाशिक जिल्ह्यातील मालेगाव. मालेगाव हे यंत्रमागांचे शहर आहे. तेथे घरोघरी उर्दू बोलली जाते. शेख नासिर नावाचा एक तरुण तेथे व्हिडिओगृह चालवत असे. २००० सालाच्या सुमारास त्याने ‘मालेगाव के शोले’ हा विनोदी चित्रपट तयार केला. खर्च आला सुमारे पन्नास हजार रुपये! मुंबईत एवढ्या पैशात एक दिवसाचे चित्रीकरणही होणार नाही. नट सर्व गावातलेच होते. कॅमेरा लग्नाच्या चित्रीकरणाचा होता. चालता कॅमेरा हवा असला, की तो सायकलवर बसवत. कॅमेरा उंच न्यायचा असला, की बैलगाडीचा उपयोग करत. भाषा मालेगावच्या गल्लीतली. गावाने हा चित्रपट गर्दी करून पाहिला, म्हणून पुढचे चित्रपट तयार झाले. या धडपडीवर २००८ साली फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट काढला. २०२५ साली रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. जे लोक मुंबईच्या चित्रपटांची नक्कल करत होते, त्यांच्यावरच मुंबईने चित्रपट काढला!

या गोष्टीतून दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला असा, की साधने थोडी असली तरी चालते. हिंमत आणि कल्पना हवी. दुसरा धडा अधिक महत्त्वाचा आहे. नासिरला प्रथम मोठे केले ते समीक्षकांनी नव्हे. त्याच्या गल्लीतील माणसांनी स्वतःच्या खिशातून पैसे देऊन त्याचा खेळ पाहिला, म्हणून तो टिकला.

अलीकडे यूट्यूबमुळे हे काम आणखी सोपे झाले आहे. सातारा जिल्ह्यातील खेड्यात ‘गावाकडच्या गोष्टी’ ही मालिका तयार झाली. बारामती तालुक्यातील कांबळेश्वर येथील मंडळींनी ‘चांडाळ चौकडीच्या करामती’ ही विनोदी मालिका केली. या मालिकांना कोणत्याही वाहिनीची परवानगी लागली नाही. लोकांनी त्या पाहिल्या, एकमेकांना सांगितल्या आणि मालिका वाढल्या.

मग हे नांदेड-लातूरला का होऊ नये? येथे गुणी माणसांची वाण नाही. ‘वाटा-पळवाटा’ हे गाजलेले नाटक लिहिणारे दत्ता भगत नांदेडचेच. राज्य शासनाची हौशी मराठी नाट्य स्पर्धा १९५४ पासून चालू आहे. नांदेड हे तिचे एक केंद्र आहे. दिवसभर शाळेत शिकवणारे किंवा बँकेत हिशोब करणारे लोक रात्री तालीम करतात आणि या स्पर्धेत उतरतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात कलाशिक्षणाचा स्वतंत्र विभाग आहे. लेखक आहेत, नट आहेत, रंगभूषाकार आहेत. उणीव आहे ती काम मिळण्याची. प्रशांत दळवी आणि चंद्रकांत कुलकर्णी यांनी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला ‘जिगीषा’ या संस्थेतून नाटके केली. पण पुढे मोठे काम करण्यासाठी त्यांना मुंबई गाठावी लागली. मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्याची बोली चित्रपटांत लोकप्रिय केली. तेही मुंबईला जाऊनच. जे गेले त्यांचा आपल्याला अभिमान आहे. पण ज्यांना जाणे जमले नाही, त्यांचे काय? घरची जबाबदारी असलेली एखादी गुणी मुलगी मुंबईला जाऊ शकत नाही, म्हणून तिचा अभिनय कोणी पाहायचाच नाही काय?

इतर देशांनाही हा प्रश्न पडला आहे. युरोपातील देशांनी २०१८ साली एक नियम केला. त्यानुसार तेथील स्ट्रीमिंग सेवांना आपल्या संग्रहात किमान ३० टक्के कार्यक्रम युरोपात तयार झालेले ठेवावे लागतात. कॅनडाने २०२३ साली कायदा करून अशा सेवांनाही देशातील कार्यक्रमांच्या निर्मितीला हातभार लावण्याचे बंधन घातले. कोरियाच्या ‘स्क्विड गेम’ या मालिकेने तर २०२१ साली सर्व जगाला कोरियन भाषा ऐकायला लावली. यावरून एक गोष्ट कळते. जी कथा आपल्या मातीशी प्रामाणिक असते, ती दूरच्या माणसालाही आपली वाटते.

आपल्या देशात स्ट्रीमिंग सेवांसाठी असा हिस्सा ठरवून दिलेला नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रसार भारतीने ‘वेव्हज’ ही स्वतःची सेवा सुरू केली. दूरदर्शनच्या जुन्या मालिका तेथे पाहायला मिळतात. सरकारने जे करायचे ते सरकार करील. पण प्रेक्षकांनी पाठ फिरवली, तर कोणत्याही नियमाने मालिका जगत नाही.

येथे कोणी विचारील, “स्थानिक मालिका वाईट असली, तरी ती पाहावी काय?” हा प्रश्न योग्य आहे. त्याचे उत्तर असे : आपल्या गावची म्हणून वाईट मालिकेला चांगली म्हणू नये. तसे करणे म्हणजे कलावंताची फसवणूक करणे होय. पण ती आपल्या गावची आहे म्हणून न पाहताच नाके मुरडू नयेत. एकदा पाहावी. आवडली तर दहा जणांना सांगावे. आवडली नाही, तर काय खटकले ते सभ्य शब्दांत लिहून कळवावे. पहिली भाकरी वाकडी होते, म्हणून कोणी पीठ फेकून देत नाही.

तुम्ही विद्यार्थी आहात. तुमच्याजवळ पैसा नाही आणि वेळही थोडा आहे. अभ्यास सोडून मालिका पाहा, असे येथे कोणीही सांगत नाही. पण जो थोडा वेळ तुम्ही पाहण्यात घालवता, त्यातील काही वेळ आपल्या भागातील कलावंतांना द्या. मालिका तिच्या मूळ ठिकाणीच पाहा. चोरून उतरवलेली प्रत पाहिली, तर करणाऱ्याच्या हाती काही पडत नाही. गावात नाट्य स्पर्धा असेल, तेव्हा आईवडिलांबरोबर तिकीट काढून नाटक पाहा. शाळेच्या स्नेहसंमेलनात मुंबईच्या मालिकेची नक्कल करण्याऐवजी आपल्या मोहल्ल्यातील एखादा प्रसंग रंगवा.

आणखी एक काम आहे. ते तुमच्यासारखे विद्यार्थीच करू शकतील. मराठी मालिकांत तुमच्या घरासारखे घर किती वेळा दिसते? ज्या घरात अम्मी दखनीत बोलते, अब्बा बाजारात अस्सल मराठीत सौदा करतात आणि मुले शाळेत दोन्ही भाषा शिकतात, असे घर मराठवाड्यात गल्लोगल्ली आहे. पडद्यावर मात्र ते क्वचितच दिसते. आणि दिसले तरी त्यातील माणसे कथेच्या कडेला उभी असतात. या घराची कथा कोण लिहिणार? ज्याला दोन्ही भाषा येतात, तोच ती नीट लिहू शकेल.

दोन भाषांच्या भेटीतून मोठी कला जन्माला येते, याला इतिहासात आधार आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ हे संगीत नाटक रंगभूमीवर आणले. त्यापूर्वी त्यांनी पारशी मंडळीचा ‘इंद्रसभा’ हा उर्दू खेळ पाहिला होता आणि त्यावरून त्यांना मराठीत असे नाटक करण्याची कल्पना सुचली, असे सांगितले जाते. म्हणजे मराठी रंगभूमीच्या वैभवात उर्दूचाही थोडा वाटा आहे. आता मराठीच्या तासाला तुम्ही जे शिकता, त्याचा उपयोग केवळ परीक्षेपुरता करू नका. आपल्या आजीकडून एखादी खरी गोष्ट ऐका. ती मराठीत लिहून काढा. तिचे चार प्रसंग पाडा. त्यांत कोण काय बोलेल, ते आपल्या बोलीत लिहा. एवढे केले, की मालिकेची संहिता तयार झाली! कॅमेरा आज जवळजवळ प्रत्येक घरात आहे. लिहिणारा हात मात्र तुम्हांलाच घडवायचा आहे.

शब्दार्थ
श्रुतिका – रेडिओवरून ऐकवले जाणारे छोटे नाटक
प्रक्षेपण – कार्यक्रम दूरवर पाठवण्याची क्रिया
पोहरा – विहिरीतून पाणी काढण्याचे भांडे
वाण – उणीव, कमतरता
संहिता – नाटकाचा किंवा मालिकेचा लिहिलेला मजकूर
नाके मुरडणे – नापसंती दाखवणे

स्वाध्याय
प्र. १. प्रत्येकी एका वाक्यात उत्तरे लिहा.
(१) मुंबई दूरदर्शन केंद्र केव्हा सुरू झाले?
(२) ‘मालेगाव के शोले’ या चित्रपटात चालत्या कॅमेऱ्यासाठी कशाचा उपयोग केला?
(३) युरोपातील नियमानुसार किती टक्के कार्यक्रम तेथील असावे लागतात?

प्र. २. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(१) दूरचित्रवाणी आणि स्ट्रीमिंग यांतील फरक लेखकाने कोणत्या उदाहरणाने सांगितला आहे?
(२) मालेगावच्या गोष्टीतून कोणते दोन धडे मिळतात?
(३) स्थानिक मालिका आवडली नाही, तर काय करावे?

प्र. ३. पाठात आलेले आणि उर्दूतही वापरले जाणारे आठ शब्द शोधा. त्यांचा मराठीत वाक्यांत उपयोग करा.

उपक्रम : आपल्या घरातील वडीलधाऱ्या माणसांकडून गावातील एक जुनी घटना ऐका. तिच्यावर पाच मिनिटांचा प्रवेश मराठीत लिहा आणि तो वर्गात सादर करा.